सहीच्या आधीचा निर्णय : हर्बर्ट सायमन यांचे योगदान

'निर्णय कोणी घेतला?' असा प्रश्न कोणत्याही कार्यालयात विचारला तर उत्तर ठरलेले असते : 'साहेबांनी.' कारण फाईलच्या शेवटी सही साहेबांची असते. अर्ज मंजूर झाला तर साहेबांची कृपा आणि नामंजूर झाला तर साहेबांचा दोष, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु आपल्यापैकी ज्या सभासदांनी टेबलावर बसून फाईली हाताळल्या आहेत, त्यांना आतली गोष्ट चांगली ठाऊक आहे. साहेबांपुढे फाईल जाते तेव्हा तिच्यावर आधीच चार-पाच जणांच्या टिपणी झालेल्या असतात. कोणी आकडे काढलेले असतात, कोणी नियम दाखवून दिलेला असतो, कोणी 'निधी शिल्लक नाही' असा शेरा मारलेला असतो. साहेब दोन मिनिटांत फाईल चाळतात आणि सही करतात. मग निर्णय नेमका कोठे झाला?

वरवर साध्या वाटणाऱ्या या प्रश्नाचा एका विद्वानाने आयुष्यभर पाठपुरावा केला. त्यांचे नाव हर्बर्ट अलेक्झांडर सायमन. आर्थिक संघटनांमधील निर्णयप्रक्रियेच्या मूलगामी संशोधनाबद्दल त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लोकप्रशासन विषय घेतलेल्या विद्यार्थी मित्रांना हे नाव अपरिचित नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या लोकप्रशासन या वैकल्पिक विषयाच्या अभ्यासक्रमात सायमन यांच्या निर्णयप्रक्रिया सिद्धांताचा नावानिशी उल्लेख आहे. मात्र परीक्षेसाठी मुद्दे पाठ करताना त्यामागचा माणूस आणि त्याची तळमळ बाजूला राहते. शिवाय हा विचार केवळ परीक्षार्थींच्या उपयोगाचा नाही. जो कोणी एखादी टिपणी लिहितो, हिशेब मांडतो, सभेचे इतिवृत्त तयार करतो, त्या प्रत्येकाच्या कामाशी त्याचा संबंध आहे. म्हणून प्रस्तुत लेखात तो सोप्या भाषेत मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

मिल्वॉकीची क्रीडांगणे

सायमन यांचा जन्म १५ जून १९१६ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकी शहरात झाला. वडील जर्मनीहून आलेले विद्युत अभियंता होते. शिकागो विद्यापीठातून सायमन यांनी १९३६ साली पदवी आणि १९४३ साली राज्यशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

पदवीचे शिक्षण चालू असताना, १९३५ साली, त्यांनी आपल्याच गावातील एका लहानशा प्रश्नाचा अभ्यास केला. मिल्वॉकीतील क्रीडांगणांची व्यवस्था दोन संस्थांकडे विभागलेली होती. मैदानांची देखभाल शहराच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती, तर मुलांचे खेळ घेणारे मार्गदर्शक शाळा मंडळाकडे होते. पैसा मर्यादित होता. तो मैदानाच्या दुरुस्तीवर किती खर्च करायचा आणि मार्गदर्शकांवर किती, याविषयी दोन्ही बाजूंमध्ये सतत मतभेद होत.

सायमन अर्थशास्त्र शिकलेले होते. पुस्तकातले उत्तर त्यांना माहीत होते : आणखी एक डॉलर कोठे खर्च केला असता मुलांना अधिक लाभ होईल, हे पाहावे आणि तेथे तो खर्च करावा. परंतु प्रत्यक्षात असा हिशेब कोणी करीत नव्हते. मैदान सांभाळणाऱ्यांना मैदानाची अवस्था दिसे. खेळ घेणाऱ्यांना मार्गदर्शकांची उणीव दिसे. दोघेही प्रामाणिक होते. दोघांनाही मुलांचे भलेच हवे होते. तरीही आपण ज्या विभागात काम करतो त्या विभागाचे उद्दिष्ट हेच सर्व संस्थेचे उद्दिष्ट, असे प्रत्येकाला वाटू लागले होते.

इमारतीची दुरुस्ती आधी की अभ्यासिकेचा शिक्षक आधी, असा वाद ज्यांनी एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीत ऐकला असेल, त्यांना मिल्वॉकी परके वाटणार नाही. अशा वादात आपण लगेच म्हणतो की समोरच्याचा हेतू शुद्ध नाही. एकोणीस वर्षांच्या सायमन यांनी तसे म्हटले नाही. माणूस शहाणा असूनही त्याला एकच बाजू का दिसते, असे त्यांनी विचारले. पुढची साठ-पासष्ट वर्षे ते याच प्रश्नाचे उत्तर शोधत राहिले.

म्हणींचे शास्त्र

त्या काळी प्रशासनशास्त्रात काही 'तत्त्वे' सर्वमान्य होती. प्रत्येक कर्मचाऱ्याला एकच वरिष्ठ असावा. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली थोडीच माणसे असावीत. कामाचे विशेषीकरण करावे. आणि अधिकाराची उतरंड स्पष्ट असावी. आपली लोकप्रशासनाची पाठ्यपुस्तके यांना आदेश-एकता, नियंत्रण कक्षा, विशेषीकरण आणि पदसोपान असे म्हणतात.

१९४६ साली सायमन यांनी एका गाजलेल्या लेखात ही तत्त्वे म्हणींसारखी आहेत असे दाखवून दिले. म्हणीची गंमत अशी की प्रत्येक म्हणीला उलटी म्हण सापडते. आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर एकीकडे 'अति घाई संकटात नेई' असे सांगतात आणि दुसरीकडे 'शुभस्य शीघ्रम्' असेही सांगतात. काम झाल्यावर कोणती म्हण लागू होती हे सांगता येते. काम करण्यापूर्वी मात्र म्हण दिशा दाखवीत नाही. तीच गोष्ट प्रशासनाच्या तत्त्वांची. अधिकाऱ्याच्या हाताखाली थोडी माणसे ठेवावीत तर मधल्या पायऱ्या वाढतात आणि कागद वर-खाली फिरत राहतो. पायऱ्या कमी कराव्यात तर एकेका अधिकाऱ्यावर माणसांचा भार वाढतो. शाळेतील हिशेबनिसाने केवळ मुख्याध्यापकांचेच ऐकावे म्हटले तर हिशेबाच्या जाणकारांचा सल्ला वाया जातो. जाणकारांचेही ऐकावे म्हटले तर आदेश-एकता मोडते.

सायमन यांचे म्हणणे असे की ही तत्त्वे टाकाऊ नाहीत, परंतु ती निदान नव्हेत. वैद्याने रोगी न तपासताच औषध द्यावे तसे हे झाले. आधी संस्थेत प्रत्यक्ष काय घडते ते तपासा. आणि तपासायचे ते निर्णय. कारण काम करण्यापूर्वी 'काय करावे' हे ठरवावे लागते, आणि ठरवण्याची ही क्रिया शिपायापासून संचालकापर्यंत सर्वत्र चालू असते.

वस्तुस्थिती आणि मूल्य

१९४७ साली सायमन यांचा 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेव्हियर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा पाया त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात होता. चेस्टर बर्नार्ड या अनुभवी उद्योग प्रशासकाने त्याला प्रस्तावना लिहिली. बर्नार्ड यांच्या १९३८ सालच्या ग्रंथाचा सायमन यांच्यावर मोठा प्रभाव होता.

या ग्रंथातील मध्यवर्ती कल्पना अशी : निर्णय ही एका क्षणी, एका माणसाच्या डोक्यात घडणारी घटना नाही. निर्णय हा अनेक आधारविधानांतून निघालेला निष्कर्ष असतो. ही आधारविधाने दोन प्रकारची असतात. काही वस्तुस्थितीची असतात, जी तपासून खरी-खोटी ठरवता येतात. काही मूल्यांची असतात, म्हणजे काय हवे, काय महत्त्वाचे मानावे हे सांगणारी. 'या वस्तीत शाळेबाहेर असलेली चाळीस मुले आहेत' हे वस्तुस्थितीचे विधान. 'त्यांचे शिक्षण रस्त्याच्या डांबरीकरणापेक्षा आधी झाले पाहिजे' हे मूल्याचे विधान. पहिले विधान मोजून तपासता येते. दुसरे मोजून सिद्ध होत नाही. ते मान्य करावे लागते आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

आता फाईलकडे पुन्हा पाहू. चाळीस हा आकडा कोणी दिला? पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्याने. त्याने दोन गल्ल्या सोडून दिल्या असतील तर आकडा पंचवीस झाला असता. नियमाचा कोणता परिच्छेद लागू आहे हे कोणी सांगितले? कारकुनाने. खर्चाचा अंदाज कोणी दिला? लेखा शाखेने. ही सर्व विधाने एकत्र आली की वरिष्ठांपुढे बहुधा एक-दोनच मार्ग शिल्लक राहतात. म्हणून सायमन संस्थेतील निर्णयाला संयुक्त निर्णय म्हणतात. सही ही त्याची शेवटची पायरी असते.

विद्यार्थ्यांनी येथे आणखी एक मुद्दा लक्षात ठेवावा. कर्मचाऱ्याच्या मनात ही आधारविधाने संस्था कशी रुजवते? सायमन यांनी पाच मार्ग सांगितले आहेत : अधिकार, संस्थेवरील निष्ठा, काटकसरीने अधिक फळ मिळवण्याचा निकष, सल्ला व माहिती, आणि प्रशिक्षण. यांतील अधिकार हा मार्ग आपल्याला सर्वांत आधी दिसतो, पण तो पाचांपैकी एकच आहे. ज्याला हुकूम सोडण्याचा अधिकार नाही, तोही माहिती देऊन निर्णय घडवत असतो किंवा बिघडवत असतो.

आमच्या मते सायमन यांच्या विचाराचे हे सर्वांत मोठे देणे आहे. 'आमच्या हातात काय आहे? आम्ही तर साधे कारकून' असे म्हणण्याची सोय त्यांनी ठेवली नाही. आणि 'खालच्यांनी जे लिहून आणले त्यावर मी सही केली' अशी पळवाट वरच्यांसाठीही ठेवली नाही.

बुद्धीची मर्यादा

अर्थशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत एक 'आर्थिक मनुष्य' वावरत असे. त्याला सर्व पर्याय ठाऊक असत. प्रत्येक पर्यायाचा परिणाम ठाऊक असे. कोणता परिणाम आपल्याला किती आवडेल हेही त्याला अचूक माहीत असे. मग तो त्यातून सर्वोत्तम पर्याय निवडीत असे.

असा माणूस सायमन यांना कोठे भेटला नाही. खऱ्या माणसाला थोडेच पर्याय सुचतात. त्यांचे परिणाम त्याला अर्धवट दिसतात. त्याच्याजवळ वेळ कमी असतो आणि एका वेळी तो थोड्याच गोष्टी ध्यानात ठेवू शकतो. तरीही तो वेडा नसतो. आपल्याजवळच्या माहितीत, आपल्या कुवतीत तो विचारपूर्वक वागण्याचा प्रयत्न करतो. यालाच सायमन यांनी 'बाउंडेड रॅशनॅलिटी' असे नाव दिले. मराठीत आपण मर्यादित विवेकशीलता म्हणतो. १९५५ साली एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात त्यांनी हा विचार गणिताच्या भाषेत मांडला आणि १९५७ च्या 'मॉडेल्स ऑफ मॅन' या ग्रंथात तो अधिक विस्ताराने आला.

मग सर्वोत्तम निवडणे शक्य नसेल तर माणूस करतो काय? तो मनाशी एक पातळी ठरवतो आणि त्या पातळीला उतरणारा पहिला पर्याय सापडला की शोध थांबवतो. भाड्याची खोली शोधणारा विद्यार्थी शहरातील सर्व खोल्या पाहत नाही. भाडे परवडते, पाण्याची सोय आहे, महाविद्यालय फार लांब नाही, एवढे जुळले की तो अनामत भरून मोकळा होतो. या रीतीला सायमन यांनी १९५६ साली 'सॅटिस्फायसिंग' हा शब्द वापरला. समाधान होणे आणि पुरेसे असणे, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. जेम्स मार्च यांच्यासह १९५८ साली लिहिलेल्या 'ऑर्गनायझेशन्स' या ग्रंथात यासाठी एक छान दृष्टांत आहे. गवताच्या गंजीत अनेक सुया पडल्या आहेत. त्यातली सर्वांत टोकदार सुई शोधायची तर सगळी गंजी उपसावी लागेल. शिवण्यापुरती टोकदार सुई हवी असेल तर काम लवकर होते.

ही पातळी कायमची ठरलेली नसते. चांगले पर्याय सहज मिळू लागले की माणसाची अपेक्षा वाढते. बराच शोध घेऊनही काही हाती लागले नाही की ती खाली येते. येथे आम्हांला एक धोका दिसतो, तो सांगितलाच पाहिजे. 'पुरेसे चांगले' हे कोणाच्या दृष्टीने पुरेसे? खिडकीच्या आत बसलेल्याची पातळी आणि खिडकीबाहेर रांगेत उभ्या असलेल्याची पातळी एकच नसते. वर्षानुवर्षे नाही ऐकण्याची सवय झालेला माणूस थोडक्यात समाधान मानतो, आणि त्याचे ते समाधान पाहून आतला माणूसही आपले काम पुरेसे चांगले झाले असे समजतो. माणूस सर्वोत्तमापर्यंत पोचत नाही, ही सायमन यांनी वर्णन केलेली वस्तुस्थिती आहे. पातळी कोठे ठेवावी, हा मात्र मूल्याचा प्रश्न आहे. वस्तुस्थिती आणि मूल्य यांची गल्लत करू नये, हा सायमन यांचाच धडा येथे उपयोगी पडतो.

संस्था कशासाठी?

एकट्या माणसाची बुद्धी मर्यादित आहे म्हणूनच संस्थेची गरज पडते. मोठा प्रश्न एका डोक्यात मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे करून ते निरनिराळ्या माणसांकडे द्यावे लागतात. सायमन यांनी १९६२ साली दोन घड्याळजींची एक कथा सांगितली. दोघेही उत्तम कारागीर. प्रत्येक घड्याळात १,००० भाग. पहिला कारागीर सर्व भाग एकेक करून जोडत जाई. मध्येच गिऱ्हाईक आले आणि त्याने हातातले काम खाली ठेवले की अर्धवट जोडलेले घड्याळ विस्कटून जाई. दुसरा कारागीर दहा-दहा भागांचे लहान जुडगे आधी पक्के करी, मग अशा दहा जुडग्यांचे एक मोठे जुडगे. त्याचे काम मध्येच थांबले तरी एका लहान जुडग्याचेच नुकसान होई. पहिल्याचा धंदा बुडाला, दुसऱ्याचा भरभराटीला आला. विभाग, शाखा, उपशाखा यांचे मर्म या कथेत आहे.

परंतु तुकडे केले की तुकड्यांचा अभिमानही येतो. १९५८ साली डीविट डिअरबॉर्न यांच्यासह सायमन यांनी एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. एका मोठ्या कंपनीतील २३ मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांना एका पोलाद कंपनीची हकीकत वाचायला दिली आणि नव्या अध्यक्षाने सर्वांत आधी कोणता प्रश्न हाती घ्यावा, असे विचारले. कागद सर्वांना एकच होता. विक्री विभागातील ६ जणांपैकी ५ जणांनी विक्रीचा प्रश्न सांगितला. उरलेल्या १७ जणांपैकी विक्रीचे नाव घेणारे ५ होते. अधिकाऱ्यांना कंपनीच्या दृष्टीने विचार करा असे सांगितले होते, आपल्या विभागाच्या दृष्टीने नव्हे. तरीही रोज ज्या खिडकीतून पाहण्याची सवय, तेच दृश्य त्यांना दिसले. मिल्वॉकीची क्रीडांगणे पुन्हा एकदा समोर आली.

म्हणजे संस्था ही माणसाच्या मर्यादेवरचा उपाय आहे आणि त्याच मर्यादेला नवे रूप देणारी गोष्टही आहे. कार्यकारिणीत सर्वजण एकाच अनुभवातून आलेले असतील तर ते लवकर एकमत करतील, पण त्या सर्वांना एकाच बाजूचे दिसेल. महिला सभासद, तरुण विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी यांना सभेत बोलावणे ही त्यांच्यावर केलेली मेहरबानी नाही. त्यामुळे निर्णयात येणारी आधारविधाने वाढतात.

रोजचे काम आणि लक्ष

सायमन यांनी १९६० साली निर्णयांचे दोन टोकांचे प्रकार सांगितले. काही निर्णय वारंवार येतात, त्यांची पद्धत ठरून जाते; उदाहरणार्थ, रजेचा अर्ज किंवा साहित्याची नेहमीची खरेदी. काही निर्णय नवे, गुंतागुंतीचे असतात आणि त्यांना ठरलेली वाट नसते. निर्णयाच्या तीन पायऱ्याही त्यांनी सांगितल्या : निर्णय घेण्याची गरज कोठे आहे ते ओळखणे, पर्याय तयार करणे आणि पर्याय निवडणे. आपण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीवरच भांडतो. पहिल्या दोन पायऱ्यांना पुरेसा वेळ दिलेला नसतो, म्हणून तिसरीवर निवडण्याजोगे फारसे उरलेले नसते.

मार्च आणि सायमन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. ठरावीक काम आणि नवा विचार अशी दोन्ही कामे एकाच माणसाकडे असतील तर ठरावीक काम नव्या विचाराला हुसकावून लावते. ज्या सभेच्या विषयपत्रिकेत मागील इतिवृत्त, जमाखर्च आणि आभार यांतच दोन तास जातात, त्या सभेत शिष्यवृत्तीच्या योजनेला शेवटची पाच मिनिटे मिळतात. योजनेला कोणाचा विरोध नसतो. ती नुसती मागे पडते.

१९७१ साली सायमन यांनी माहितीच्या भरपूर पुरवठ्याविषयी इशारा दिला. माहिती वाचणाऱ्याचे लक्ष खात असते. म्हणून माहिती जितकी वाढेल तितकी लक्षाची टंचाई वाढेल. संस्थेने अधिक कागद निर्माण करण्याऐवजी कोणता कागद कोणापुढे जाऊ नये याचीही व्यवस्था करावी, असे त्यांचे म्हणणे. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि दिवसभर संदेशांचा पाऊस पडतो. अशा काळात त्या इशाऱ्याची सत्यता आपण रोज अनुभवतो.

संगणक आणि बुद्धिबळ

१९४९ पासून सायमन पिट्सबर्ग येथील कार्नेगी संस्थेत अध्यापन करू लागले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. ही संस्था पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठ झाली. तेथे असताना निर्णयाच्या शोधात ते संगणकाकडे वळले. माणूस प्रश्न कसा सोडवतो याची पायरीवार रीत लिहून काढता आली तर ती यंत्रालाही शिकवता येईल, असा त्यांचा तर्क होता. अ‍ॅलन न्यूएल आणि क्लिफ शॉ यांच्यासह त्यांनी 'लॉजिक थिअरिस्ट' ही आज्ञावली तयार केली. ती संगणकावर चालण्यापूर्वी, जानेवारी १९५६ मध्ये, सायमन यांनी आपली पत्नी, तीन मुले आणि काही विद्यार्थी यांना एकत्र बसवले. प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिले आणि प्रत्येकाने त्या कार्डावर लिहिलेले आपापले काम करायचे. अशा रीतीने माणसांचीच आज्ञावली करून त्यांनी ती चालवून पाहिली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक असा घरच्या माणसांच्या मदतीने पार पडला. या क्षेत्रातील कार्याबद्दल न्यूएल आणि सायमन यांना १९७५ साली ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे त्यांचे एक संशोधन बुद्धिबळावरचे आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांच्या आधीच्या कामाच्या आधारे विल्यम चेस आणि सायमन यांनी ते १९७३ साली प्रसिद्ध केले. खऱ्या डावातील पट केवळ पाच सेकंद दाखवला तर निष्णात खेळाडू बहुतेक सोंगट्या आठवणीने जागच्या जागी मांडतो. नवशिक्याला थोड्याच आठवतात. परंतु त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या तर निष्णाताची विशेष आघाडी जवळजवळ नाहीशी होते. याचा अर्थ त्याची स्मरणशक्ती जन्मतः निराळी नव्हती. अनेक वर्षांच्या खेळाने त्याच्या मनात सोंगट्यांच्या हजारो ओळखीच्या रचना साठल्या होत्या. सुमारे दहा वर्षे झोकून देऊन सराव केल्याखेरीज कोणी त्या दर्जाला पोचत नाही, असेही त्यांनी नमूद केले.

ज्याला आपण 'उपजत बुद्धी' म्हणून हात जोडतो, तिच्यात साठवलेल्या परिश्रमाचा वाटा फार मोठा असतो. 'हे आपल्याला जमणार नाही, ते हुशार घरातल्या मुलांचे काम' असे जेव्हा एखाद्या विद्यार्थ्याला वाटेल, तेव्हा त्याने हा पट आठवावा. मात्र दहा वर्षे सराव करण्यासाठी पुस्तके, जागा, वेळ आणि शिक्षक लागतात. ते कोणाला मिळतात आणि कोणाला नाहीत, हा प्रश्न पटाबाहेरचा आहे. तो आपणा सर्वांचा आहे.

मतभेद आणि मर्यादा

सायमन यांचे सर्वच विचार निर्विवाद मान्य झाले असे नाही. वस्तुस्थिती आणि मूल्य यांची अशी फारकत प्रशासनात करता येत नाही, अशी टीका ड्वाइट वाल्डो यांनी १९५२ साली केली आणि दोघांत तीव्र वाद झाला. १९७३ साली ख्रिस आर्गिरिस यांनी, हा सिद्धांत माणसाच्या भावनांना आणि आत्मविकासाला पुरेसा न्याय देत नाही असा आक्षेप घेतला. सायमन यांनी त्याला लेखी उत्तर दिले. संगणकाविषयी त्यांचा उत्साह कधीकधी वाजवीपेक्षा अधिक असे. दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल असे भाकीत त्यांनी १९५७ साली केले; प्रत्यक्षात 'डीप ब्लू' या संगणकाने गॅरी कास्पारोव्ह यांना सामन्यात हरवले ते १९९७ साली. ज्याने माणसाच्या अंदाजाच्या मर्यादा शिकवल्या त्याचाही अंदाज तीस वर्षांनी चुकावा, यात कमीपणा नाही. त्यांच्याच सिद्धांताला तो दुजोरा आहे. ९ फेब्रुवारी २००१ रोजी पिट्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

आज अनेक ठिकाणी अर्जांची छाननी संगणक करू लागले आहेत. 'संगणकाने नाव काढून टाकले' हे उत्तर 'साहेबांनी केले' या जुन्या उत्तराची जागा घेत आहे. सायमन यांचा विद्यार्थी तेथेही थांबणार नाही. संगणकात कोणती माहिती भरली, कोणी भरली, आणि पुरेसे चांगले म्हणजे किती हे कोणी ठरवले, असे तो विचारील.

समारोप

सायमन यांच्या विचारातून आम्हांला जे घेण्यासारखे वाटते ते थोडक्यात असे. सभेत कोणताही ठराव मांडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. यातली वस्तुस्थिती कोणती आणि ती कोणी तपासली? यातले मूल्य कोणते आणि ते आपण उघडपणे मान्य केले आहे काय? एकच पर्याय पुढे आला असेल तर दुसरा शोधण्यासाठी कोणाला वेळ दिला होता? आणि ज्याच्यावर या निर्णयाचा परिणाम होणार आहे, त्याची समाधानाची पातळी कोणी विचारली काय?

या चार प्रश्नांनी निर्णय सर्वोत्तम होईल असे नाही. सर्वोत्तमाची हमी कोणालाच देता येत नाही, हेच तर सायमन यांनी शिकवले. परंतु चुकलेला निर्णय कोठे चुकला हे शोधता येईल, आणि एका माणसाला दोष देऊन मोकळे होण्याऐवजी ती जागा दुरुस्त करता येईल.

आपल्यातील अनेक सभासद कार्यालयांत, शाळांत, बँकांत काम करतात. आपल्या टेबलावरून दररोज एखादा आकडा, एखादी टिपणी, एखादा शेरा पुढे जातो. तो वाचून दूरच्या कोणा अनोळखी माणसाचा अर्ज मंजूर होतो किंवा परत येतो. सही आपली नसते. तरीही त्या निर्णयात आपला वाटा असतो. विद्यार्थी मित्रांनी उद्या नोकरीला लागल्यावर पहिली टिपणी लिहिताना एवढे लक्षात ठेवावे, आणि आकडा लिहिण्यापूर्वी त्या दोन गल्ल्याही पाहून याव्यात, ही आमची नम्र विनंती.